लावा तंबू

१

तंबूची जागा आई निवडायची. त्या घरात बाकी सगळ्यावर वाद व्हायचे, पडद्यांच्या रंगापासून चहातल्या साखरेपर्यंत, पण यावर कधीच नाही. सुट्टीत तळ्याकाठच्या कुठल्याही कॅम्पवर गाडी थांबली की आई सगळ्यांत आधी उतरायची, चपला काढून नीट जोडून ठेवायची आणि भर दिवसा, चारचौघांसमोर, गवतावर उताणी पडायची. डोळे मिटलेले, हात अंगापासून सुटे, पाय पाण्याकडे. सकाळी उठून बसलं की समोर पाणी दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. थोडा वेळ निपचित पडून राहायची, मग उजव्या टाचेने माती उकरून बघायची, खुंट्या धरतील की नाही ते. शेजारच्या तंबूतले लोक तोंडापाशी नेलेला कप तसाच धरून बघत राहायचे. जागा पसंत पडली तर ती पडल्या पडल्याच म्हणायची, "लावा तंबू." नाही पडली तर नुसतं "अंहं", की निघाली पुढे.

बाबा फरशी बसवणारे मिस्त्री. त्यांची लेव्हल, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, कायम गाडीच्या सीटखाली असायची. तेही ती जमिनीवर ठेवून बघायचे आणि कधीमधी कुरकुर करायचे, "अगं, बुडबुडा अगदी मधे आहे."

"मग बुडबुड्यालाच झोपवा इथे," आई म्हणायची. "माझी पाठ पुढे जातेय."

तेव्हापासून घरचा कायदाच झाला. जो आडवा होऊन बघेल त्याचा शब्द शेवटचा. मिस्त्रींनी तो आयुष्यात कधी मोडला नाही.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. आजारपणात तिच्या छातीत पाणी साठायचं. आडवी केली की श्वास कोंडायचा, म्हणून पाठीशी उशांचा ढीग लावून तिला बसवूनच ठेवावं लागे. जन्मभर सपाट जमीन शोधत हिंडलेली बाई शेवटी बसल्या बसल्या गेली. ठकीला, तिच्या एकुलत्या एका लेकीला, सगळ्यांत जास्त हेच लागून राहिलं होतं.

आणि आता बाबांनी नवीनच टूम काढली होती. घर बंद करायचं आणि कॅम्पर गाडीत राहायला जायचं. एखाद्या तळ्याकाठी, कायमचं.

"एकटे?" ठकी म्हणाली.

"म्हैस आहे की," बाबा म्हणाले. म्हैस म्हणजे ती गाडी, आत टेबल आणि झोपायची फळी असलेली. पाणी दिसलं की हिचं पाऊल पुढे पडत नाही, म्हणून आईने ठेवलेलं नाव.

"रात्री-अपरात्री काही झालं तर म्हैस डॉक्टरला बोलावणार आहे का?"

बाबा हसले नाहीत. वर्षभरात ते अर्धे झाले होते. गालफडं आत गेली होती, शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. जागा बघायला आपणही येतो, असं ठकीने सांगितलं ते मदत करायला नव्हे. प्रत्येक जागेत खोड काढायची आणि शेवटी बाबांना आपल्या घरी घेऊन जायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. आई गेली, आता बाबाही हातातून जातील, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

२

पहिला कॅम्प मोठा होता. कॅम्पर गाड्यांच्या रांगाच्या रांगा, प्रत्येक गाडीपाशी विजेचा खांब आणि पाण्याचा नळ, दोऱ्यांवर वाळत घातलेले टॉवेल, सायकलींवरून आरडाओरडा करत फिरणारी पोरं. ठकीला बरं वाटलं. इतक्या गोंगाटात बाबा आठवडाभरही टिकणार नाहीत.

ऑफिसातल्या बाईंचा चष्मा नाकावर तिरका बसला होता. ठकीचं चष्म्याचंच दुकान, त्यामुळे तो सरळ करायला तिचे हात शिवशिवत होते. बाईंनी गाडीची लांबी विचारली, वीज किती लागेल ते विचारलं आणि तळ्याच्या बाजूच्या कोपऱ्यातली एक जागा दाखवायला नेलं.

"ही कालच रिकामी झाली. आधीच्या लोकांची गाडी हलल्यावर आम्ही गवत कापून घेतलं. पाऊलसुद्धा पडलेलं नाही कुणाचं."

पाऊल पडलं नव्हतं, हे खरं. पण मधोमध गवत दबलेलं होतं. माणूस उताणा पडून उठून गेल्यावर राहतो तसा ठसा होता. डोकं, खांदे, अंगापासून सुटे हात. उजव्या टाचेपाशी माती उकरलेली होती.

"कुत्री लोळतात हो," बाई म्हणाल्या.

कुत्री लोळतात, ठकीनेही स्वतःला सांगितलं. नाहीतर एखाद्याने ऊन खात अंग टाकलं असेल. नजर किती फसवते हे ती रोज दुकानात बघायची. अक्षर नसतं तिथे लोकांना अक्षर दिसायचं, आणि ते छातीठोकपणे वाचूनही दाखवायचे.

ठशाच्या कडेने एक फेरी मारून, त्यावर पाय न देता, बाबा गाडीकडे परतले.

"गोंगाट फार आहे नाही का, बाबा?"

"हं."

गाडी सुरू झाल्यावर ठकीने मागे बघितलं. एक गोष्ट तिला खटकली होती, पण कोणती ते पटकन कळेना. फाटकातून बाहेर पडताना कळलं. डोकं पाण्याकडे होतं.

३

दुसरा कॅम्प झाडीत होता. उंच झाडं, खाली काड्या-पानांचा मऊ थर, तळ्यावरून येणारा थंड वारा. तंबूवाले अलीकडे, गाड्यावाले पलीकडे, आणि मधे पत्र्याची न्हाणीघरं. हातगाडीवर लाकडं घेऊन फिरणारा राखणदार बोलका होता. मच्छर फार नाहीत, नळाला पाणी बारमाही असतं, पलीकडच्या आजोबांचा घोरण्याचा आवाज मात्र इथपर्यंत येतो, असं सगळं त्याने न विचारता सांगून टाकलं.

"किती जण राहणार?" त्याने विचारलं.

"मी एकटा," बाबा म्हणाले.

"असं? मला वाटलं..." तो थांबला आणि हातगाडीवरची लाकडं नीट करू लागला. "मघाशी त्या जागेवर एक बाई पडल्या होत्या. म्हटलं, तुमच्यातल्याच पुढे आल्या असतील."

"कशा होत्या दिसायला?" ठकीने विचारलं.

"चेहरा कुठला दिसायला. लांबून बघितलं मी. झोपलेल्या माणसाकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही ना."

ठसा तिथेही होता, पाण्याच्या आणखी जवळ. या खेपेला तो ताजा होता. दबलेली पाती एकेक करून सावकाश वर येत होती, आत्ताच कुणीतरी उठल्यासारखी. टाचेने उकरलेल्या खळग्यात पाणी झिरपलं होतं. ठकीने वाकून ठशावर हात ठेवला. चौफेर गारठा असताना तेवढंच गवत कोमट होतं.

ऊन पडलं असेल, ती मनात म्हणाली. मग वर बघितलं. त्या झाडीतून उन्हाचा कवडसासुद्धा खाली येत नव्हता.

४

दुपारी गाडी रस्त्याच्या कडेला लावून दोघं आतल्या फळकुटाच्या टेबलाशी बसली. हे टेबल बाबांनीच बनवलं होतं आणि आईने त्यावर वर्षानुवर्षं गरम भांडी ठेवून त्याला डाग पाडले होते. ठकीने ब्रेडला लोणी लावून पुढे केलं. बाबांनी तुकडा तोडला आणि बशीतच ठेवला.

"तुलाही दिसलं ना?" ते म्हणाले.

"गवत दबलेलं दिसलं."

"ठके."

"बाबा, माणसं लोळतात गवतावर. त्यात काय एवढं?"

"टाच उकरून लोळतात?"

खिडकीबाहेरून एक ट्रक गेला आणि टेबलावरच्या बशा किणकिणल्या.

"ती जागा बघतेय माझ्यासाठी," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा जरा धुगधुगी आली होती, आणि ठकीला त्याचीच भीती वाटली. "आपण पोचायच्या आधी जाऊन बघून ठेवतेय. पण तिला अजून पसंत पडत नाहीये. म्हणून उठून पुढे जाते."

"आई नाही ती. आई कधी पाण्याकडे डोकं करून झोपली? तुम्हीच आठवून बघा. एकदा तरी?"

"नाही झोपली."

"मग?"

बाबांनी ब्रेडचा तुकडा पुन्हा उचलला आणि चष्म्याच्या काचेतून त्याच्याकडे बघत राहिले.

"सकाळी उठून पाणी बघायचं म्हणून पाय तिकडे असायचे तिचे," ते शांतपणे म्हणाले. "आता तिला उठायचं नसेल, बाळा."

ठकीला हुंदका आवरेना. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसाच, आणि दुसऱ्या हाताने लोण्याच्या डब्याचं झाकण लावलं.

५

तिसरा कॅम्प अगदी लहान होता. एक खोलीचं ऑफिस, पाच-सहा तंबू, एक निळी कॅम्पर, आणि पुढे तळं. तिथे पोचण्याआधी बाबांनी गाडी थांबवून आरशात बघून दाढी केली होती.

काठाकडची जागा डोळ्यांना सरळ सरळ उतरती दिसत होती. ठसा काठावरच होता. पाय, कंबर, पाठ ओल्या गवतात, आणि खांद्यांपासून पुढचं सगळं पाण्याखाली. पाणी तिथे स्वच्छ आणि उथळ होतं. खालच्या वाळूत डोक्याएवढा खळगा स्पष्ट दिसत होता. शेजारी एका माणसापुरतं गवत स्वच्छ झाडून ठेवल्यासारखं होतं. काडी नाही, खडा नाही.

बाबांनी लेव्हल आणून त्या मोकळ्या जागेत टेकवली. आडवी, उभी, तिरकी. बुडबुडा दर वेळी मधोमध येऊन थांबला.

"बिघडली असेल," ठकी म्हणाली. "उतार डोळ्यांना दिसतोय की."

बाबांनी पट्टीची टोकं अदलाबदल करून ती पुन्हा तिथेच ठेवली. मिस्त्री लोक लेव्हल खरी की खोटी ते असंच तपासतात. बुडबुडा जागचा हलला नाही.

"मी बुडबुड्याचं नाही ऐकणार," बाबा म्हणाले. "तू आडवी होऊन बघ. आता ते काम तुझं."

नाही म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. ठकीने चपला काढल्या आणि त्या मोकळ्या जागेत पडली, आईने शिकवल्याप्रमाणे, पाय पाण्याकडे करून. डोळे मिटले.

जमीन सपाट होती. इतकी सपाट की तिला जन्मात तशी जागा मिळाली नव्हती. पाठीचा एकेक मणका जमिनीला टेकला आणि मोकळा झाला. दुकान, घर, वर्षभराची धावपळ, दवाखान्यातल्या त्या उशा, सगळं अंगातून खाली झिरपून गेलं. इथेच पडून राहावं, उठूच नये, असं वाटलं.

मग तिला श्वास ऐकू आला. तिच्या पावलांच्या बाजूने, पाण्यातून येत होता. लांब, भरलेला, कुठेही न अडकणारा श्वास. आजारी पडण्याआधी आई असाच श्वास घ्यायची. प्रत्येक श्वासाबरोबर काठाचं पाणी किंचित वर यायचं आणि ठकीच्या टाचांना लागून मागे जायचं. तिने मान न हलवता डोळे अर्धवट उघडले. पाण्याखाली काहीतरी काळं पसरलं होतं, सावकाश हलत होतं. शेवाळ असेल. केस इतके लांब नव्हते आईचे. आजारपणात तर कापूनच टाकले होते.

ते काळं तिच्या बाजूला वळलं.

ठकी ताडकन उठून बसली. बाबा दोन पावलांवर उभे होते, गुळगुळीत दाढी केलेले, डोळे आशेने भरलेले. त्यांनी चपला काढल्या होत्या आणि नीट जोडून ठेवल्या होत्या.

"कसं आहे?"

खरं सांगितलं तर हे आत्ता इथे आडवे होणार आणि पुन्हा उठणार नाहीत, हे तिला स्वच्छ दिसलं.

"उतार आहे, बाबा," ठकी म्हणाली. "पाण्याकडे. चांगलाच."

बाबांनी लेव्हलकडे बघितलं. मग तिच्याकडे. पुष्कळ वेळ बघितलं.

"अंहं म्हणतेस?"

"अंहं."

ते वाकले आणि चपला पायात घातल्या. चपलेच्या पट्ट्याचं बक्कल त्यांना लागेना, तेव्हा ठकीने खाली बसून ते लावून दिलं. कायदा तो कायदा. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "एकटीच राहील गं ती तिथे."

६

म्हैस ठकीच्या अंगणात येऊन उभी राहिली. घरातली खोली तयार होती, पण बाबा म्हणाले, मी माझ्या गाडीतच बरा. ठकीला तेही चाललं. माणूस डोळ्यांसमोर होता. दुकानात जाताना हात हलवता येत होता, आल्यावर शेजारी बसून भाजी निवडता येत होती.

आधी चहाचं लक्षात आलं. बाबांच्या कपातला चहा एका बाजूला जास्त चढलेला दिसायचा. टेबलावर पेन ठेवलं की ते घरंगळत भिंतीकडे जायचं. ठकीने चाकांखाली लाकडी पाचरी सारल्या. बाबांनी लेव्हल लावली, तर बुडबुडा मधे. पेन मात्र घरंगळतच राहिलं. तिने गाडी वळवून तोंड उलट्या दिशेला केलं. आता पेन दुसऱ्या भिंतीकडे जाऊ लागलं, आणि विचार करत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की दिशा तीच आहे. तिसरा कॅम्प त्या दिशेला होता.

सकाळी ती चहा घेऊन जायची तेव्हा बाबा गादीच्या खालच्या टोकाशी गोळा होऊन पडलेले असायचे. चादर त्यांच्याखाली चुरगळलेली, बोटं फळीच्या कडेला घट्ट धरलेली.

"झोप लागत नाही का, बाबा?"

"लागते की. पण धरून ठेवावं लागतं."

"काय?"

"स्वतःला."

तिने त्यांना घरातल्या पलंगावर नेलं, बैठकीत जमिनीवर गादी घालून दिली. फरक पडला नाही. जिथे पडतील तिथून ते सरकायचे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मेंदूचा तोल, वयोमान, असं काय काय डॉक्टर म्हणाले आणि ठकीने मान डोलावली. बाबांच्या बोटांना घट्टे पडले. डोळे खोल गेले. तक्रार म्हणून त्यांनी एका शब्दाने केली नाही.

ठकी स्वतः त्या गादीवर पडून बघायची. तिला सगळं सपाट लागायचं. उतार होता तो फक्त बाबांसाठी, आणि तो आपल्या तोंडून आला आहे, हे तिला ठाऊक होतं.

७

एका संध्याकाळी ती त्यांच्याजवळ बसली होती. बाबांनी हात पुढे केला आणि तिने तो धरला, तर तो ओढ घेत होता. हळूहळू, पण सतत. गाडीच्या दारातून कोवळं ऊन आत आलं होतं.

"ठके, खरं सांगशील? रागावणार नाही मी."

"काय?"

"तिथे उतार होता?"

हात सुटू नये म्हणून ठकीने तो दोन्ही हातांत धरला. नाही म्हटलं तर काय होईल ते तिला कळत होतं. हो म्हटलं तर हा माणूस अशीच बोटं रुतवून रोजची रात्र काढणार होता, हेही दिसत होतं. किती दिवस धरून ठेवायला लावणार होती ती त्यांना? आणि कुणासाठी?

"नव्हता," ती म्हणाली आणि रडू लागली. "नव्हता हो बाबा. तशी जागा मी कधी बघितली नाही. आईला छान श्वास घेता येत होता तिथे."

बाबांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे खाली आले.

"माहीत होतं मला. बुडबुडा मधे होता."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"आडवी तू झाली होतीस ना," बाबा म्हणाले. "तुझा शब्द शेवटचा."

ठकीच्या हातातली ओढ थांबली. टेबलावरचा चहा कपात सपाट झाला होता. बाबा फळीची कड सोडून पाठीवर वळले आणि हात अंगापासून सुटे टाकून लगेच झोपी गेले. उजेड जाईपर्यंत ती तिथे बसून होती. मग त्यांच्या अंगावर चादर घालून ती घरात गेली, आणि खूप दिवसांनी तिलाही गाढ झोप लागली.

सकाळी चहा घेऊन ती बाहेर आली. गाडीचं दार उघडं होतं. कुंपणालगत हिरवळीची पट्टी होती, तिच्या कडेला बाबांच्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या. गवतात दोन ठसे होते, शेजारी शेजारी. एकाच्या उजव्या टाचेपाशी माती उकरलेली. दोन्ही ओले होते आणि पाती अजून वर आलेली नव्हती.

"बाबा?"

गाडीतून उत्तर आलं नाही. आत जाऊन बघायला हवं होतं. ठकीने चहाचा कप पायरीवर ठेवला आणि आत जाणं थोडं लांबवलं.

दोन ठशांच्या मधे एक अरुंद पट्टी दबलेली नव्हती. लहानपणी तंबूत ती दोघांच्या मधे झोपायची, तेवढीच. काडी नाही, खडा नाही, स्वच्छ झाडून ठेवल्यासारखी. आता ती त्यात मावण्यासारखी नव्हती. तरी तिने चपला काढल्या, बाबांच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि अंग चोरून, गुडघे पोटाशी घेऊन तिथे आडवी झाली. दोन्ही बाजूंचं गवत कोमट होतं.

जमीन कशी आहे ते तिने नीट, वेळ घेऊन बघितलं. खोटं बोलायचं आता काही कारण उरलं नव्हतं.

"लावा तंबू," ती म्हणाली.